खासगी आणि दौलत

मराठी वर्णमालेत ‘ञ’ नावाचे एक अक्षर आहे. या अक्षराने सुरू होणारा एखादा शब्द सांगा, असे वर्गात विचारले तर सगळे गप्प होतात. चवर्गातले अनुनासिक, एवढी त्याची ओळख करून द्यायची आणि टवर्गाकडे वळायचे, हा आम्हा भाषाशिक्षकांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. असे हे रिकामे बसलेले अक्षर हल्ली सरकारी टपालातून वारंवार भेटू लागले आहे. माहितीच्या अधिकाराखाली केलेला अर्ज नाकारताना त्याचा उपयोग होतो.

आमच्यापैकी एका सेवानिवृत्त प्राध्यापकांनी डिसेंबर २०२५ मध्ये एका शिक्षणसंस्थेकडे असा अर्ज केला. प्रश्न साधे होते. संस्थेच्या अनुदानित महाविद्यालयांत भाषाविषयांची मंजूर पदे किती, त्यांपैकी भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती जण शिकवतात, आणि जी पदे भरली त्यांवर कोणाची, कोणत्या अर्हतेवर नेमणूक झाली. उत्तर दीड ओळीचे आले. मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्यामुळे कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. मंजूर पदांची संख्या ही नेमकी कोणाची वैयक्तिक बाब, याचा उलगडा आम्हाला अद्याप झालेला नाही. प्रश्न होता तो तासाच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच न मिळणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांचा. त्यांपैकी काही जण हा मजकूर वाचतही असतील.

या दीड ओळीमागची कथा केवळ शिक्षणसंस्थांची नाही. तीत वीज आहे, अणुभट्ट्या आहेत, गूगलसारख्या महाकंपन्या आहेत, आणि मध्यभागी एक शब्द आहे. शब्दाची गोष्ट असल्यामुळे ती सांगण्याचा आम्हालाही थोडा अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झाला. महाराष्ट्राने त्याआधीच, २००२ मध्ये, आपला स्वतंत्र कायदा केला होता. केंद्रीय कायद्याच्या आठव्या कलमात कोणती माहिती नाकारता येईल याची यादी आहे, आणि त्यातले ‘ञ’ हे उपकलम वैयक्तिक माहितीविषयीचे आहे. पण मूळ कायद्यात ते ‘वैयक्तिक’ या शब्दावर थांबत नव्हते. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी काही संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने व्यक्तीच्या खासगीपणावर अकारण अतिक्रमण होईल, तेवढीच नाकारता येत असे. तीही, व्यापक जनहितासाठी उघड करणे योग्य आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर, देता येत असे. वाक्य लांबलचक होते, अटी-अपवादांनी भरलेले होते. कायद्याची भाषा क्लिष्ट म्हणून हसणे सोपे असते. परंतु येथली क्लिष्टता विचाराची होती. दोन खरे हक्क एकमेकांसमोर उभे राहिले की तोलायचे कसे, याचे उत्तर त्या पोटवाक्यांत होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत केला. (‘विदा’ हा ‘डेटा’चा मराठी प्रतिशब्द. हिंदी ऐकून वाढलेल्या कानाला त्यात निरोप ऐकू येतो, आणि प्रस्तुत प्रकरणी तो अगदीच चुकीचा ऐकू येतो असे म्हणवत नाही.) मणिपूरच्या प्रश्नावर विरोधकांचा निषेध चालू असताना दोन्ही सभागृहांत तो आवाजी मतदानाने संमत झाला. त्याच्या अगदी शेवटाकडे, चव्वेचाळिसाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात, ‘ञ’ बदलण्यात आला. आता तेथे एवढेच उरले आहे : वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. ‘अकारण’ गेले, ‘सार्वजनिक काम’ गेले, ‘व्यापक जनहित’ गेले. वाक्य सोपे झाले.

यापुढचा तपशील आम्हाला विशेष बोलका वाटतो. हा कायदा दोन वर्षांहून अधिक काळ नुसता कागदावर होता. नोव्हेंबर २०२५ च्या मध्यास त्याचे नियम आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली. महाकंपन्यांनी नागरिकाची संमती कशी घ्यावी, साठवलेली विदा फुटली तर काय करावे, लहान मुलांच्या विदेची काळजी कशी घ्यावी, ही जी कायद्याची मुख्य कर्तव्ये, त्यांच्यासाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. ‘ञ’मधला बदल मात्र तत्काळ लागू झाला. ज्यांना वेसण घालण्यासाठी म्हणून कायदा आणला त्यांना दीड वर्षाची सवड, आणि सरकारला प्रश्न विचारणाऱ्याला एका दिवसाचीही नाही. कोणता भाग सरकारला तातडीचा वाटला हे समजायला यापेक्षा अधिक पुराव्याची आम्हाला गरज वाटत नाही.

सरकारच्या बाजूने सांगितले जाते की आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम शाबूत आहे, आणि हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर त्याखाली कोणतीही माहिती आजही देता येते. हे खरे आहे. ज्यांना कायद्याची माहिती आहे असे अर्जदार त्याचा आधार घेतीलही. परंतु पूर्वी माहिती अधिकाऱ्याला, नाकारण्याआधी, या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही ना, असे स्वतःला विचारावे लागे. आता ‘वैयक्तिक’ म्हटले की त्याचे काम संपते. पुढचे सारे अर्जदाराने अपिलात मांडायचे. गंमत अशी की त्याच यादीतले ‘घ’ हे उपकलम व्यापारी गुपितांविषयीचे आहे, आणि त्यातली व्यापक जनहिताची अट आजही जागच्या जागी आहे. म्हणजे कंपनीच्या गुपिताला उपकलमातच जनहिताची अट आणि सरकारी कागदावरच्या नावाला ती नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यातही ‘ञ’मध्ये बदल सुचवला होता. पण संभाव्य हानी आणि जनहित यांची तुलना त्यात ठेवलेली होती. तो तराजू नंतर कोणी काढला आणि का काढला, याचे पटण्याजोगे उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही. या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

आता त्या शब्दाकडे. ‘खासगी’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला आणि मराठ्यांच्या राज्यकारभारात त्याला एक नेमका अर्थ मिळाला. राज्यकर्त्याच्या घरचे उत्पन्न आणि खर्च म्हणजे खासगी, आणि राज्याचे उत्पन्न आणि खर्च म्हणजे दौलत. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली, आणि अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी बांधलेली देवळे व घाट यांचा खर्च या खासगीतून झाला, असे इतिहासकार सांगतात. पुण्यात खासगीवाले हे आडनाव आहे. ते याच खात्याची आठवण आहे. या विभागणीतला मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. खासगी वेगळी काढली जाई ती दौलतीचा हिशेब स्वच्छ राहावा म्हणून. दौलतीची कागदपत्रे खासगीच्या कपाटात ठेवावीत असा तिचा अर्थ कधीच नव्हता.

इंग्रजी अमलाने आणि नंतर अर्थशास्त्राने या शब्दावर आणखी दोन थर चढवले. व्यक्तीचा एकांत तो खासगी, आणि सरकारच्या मालकीची नाही ती कंपनीही खासगी. पहिला अर्थ दुबळ्याला जपणारा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो या अर्थाने, आणि त्या निकालाचे आम्ही तेव्हा स्वागत केले होते. आजही करतो. पण एकाच शब्दाच्या पोटात दोन अर्थ राहत असले की एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येते. निवडणूक रोख्यांच्या खटल्यात हे उघडपणे घडले. राजकीय पक्षांना कोट्यवधींच्या देणग्या देणाऱ्यांची नावे मतदारांना का कळू नयेत, तर म्हणे देणगीदाराच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. व्यक्तीच्या राजकीय निवडीचा खासगीपणा न्यायालयाने मान्य केला, पण कंपन्यांच्या देणग्यांवर ते पांघरूण घालू दिले नाही. न्यायालयाने तेव्हा जो फरक केला, तोच ‘ञ’मध्ये पुसून टाकण्यात आला आहे.

कोणी म्हणेल की ही आजच्या सत्ताधाऱ्यांवरची टीका आहे. आहेच, पण तेवढीच नाही. खासगी कराराचा पडदा दौलतीच्या हिशेबावर कसा पडतो, याचा पहिला मोठा धडा महाराष्ट्राला विजेने दिला, आणि तो देण्यात सर्व पक्षांनी हातभार लावला.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचा सामंजस्य करार झाला २० जून १९९२ रोजी. स्पर्धात्मक निविदा निघाल्या नव्हत्या. जागतिक बँकेने १९९३ मध्ये हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे कळवून कर्जाला नकार दिला. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करार झाला, आणि केंद्राने पुढे त्याला प्रतिहमीही दिली. देशातली तोवरची सर्वांत मोठी परकी गुंतवणूक म्हणून त्याचे कौतुक चालले होते. करार मात्र जनतेला पाहायला मिळत नव्हता. (नावापासूनच या प्रकरणात थोडा पत्ता चुकवलेला होता. दाभोळ गाव खाडीच्या उत्तरेला दापोली तालुक्यात, आणि प्रकल्प दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेलला.) सत्ताबदलानंतर शिवसेना-भाजप सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द केला. एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा झाली होती. काही महिन्यांत फेरवाटाघाटी होऊन तो अधिक मोठा होऊन परत आला, आणि मे १९९६ मध्ये दिल्लीतल्या तेरा दिवसांच्या सरकारने राजीनाम्याच्या तोंडावर प्रतिहमीवर पुन्हा शिक्कामोर्तब केले. १९९७ मध्ये गुहागरच्या गावांतल्या आंदोलकांवर, त्यात स्त्रियांवरही, पोलिसांनी काय केले त्याची नोंद ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या १९९९ च्या अहवालात आहे. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनचे दिवाळे निघाले.

या साऱ्या प्रकरणाचे मर्म कराराच्या एका कलमात होते. वीज घेतली काय किंवा न घेतली काय, मंडळाने स्थिर आकार भरायचाच. तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला. घरच्या वीजबिलात ‘स्थिर आकार’ हे शब्द आपण दरमहा वाचतो, पण एका अख्ख्या राज्याने भरलेला स्थिर आकार फार थोड्यांनी वाचला. ज्यांनी वाचला त्यांच्यात पुण्याचा ‘प्रयास’ हा गट होता. गिरीश संत, शंतनु दीक्षित आणि त्यांचे सहकारी करार घेऊन बसले, त्यातली गृहीतके त्यांनी एकेक करून तपासली, आणि मंडळावर पडणारा बोजा आकड्यांत मांडून दाखवला. साहित्याच्या वर्गात ज्याला आपण संहितेचे बारकाईने वाचन म्हणतो, ते हेच. आम्ही त्या वेळी काय वाचत होतो, याची आठवण फारशी सुखद नाही. संरचनावादावरची चर्चासत्रे जोरात चालली होती. करार हीसुद्धा एक संहिता आहे, हे त्या चर्चासत्रांत कोणाच्या तोंडून ऐकल्याचे आम्हाला आठवत नाही. २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या समितीने जवळजवळ प्रत्येक पायरीवर शासनव्यवस्था कशी निकामी ठरली ते लिहून ठेवले, तोवर पैसे गेलेले होते.

या पडझडीतून एक चांगली गोष्ट निघाली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर दरवाढीच्या प्रस्तावांवर जाहीर सुनावणी होऊ लागली. ग्राहक प्रतिनिधी, यंत्रमागधारक, शेतकरी, कोणीही उठून आकडे मागू लागला. या सुनावण्या पुष्कळदा कंटाळवाण्या असतात, आणि त्यांतून दर कमी होतातच असेही नाही. पण खासगी कंपनीला लोकांसमोर उभे राहून हिशेब सांगावा लागतो, ही रीत त्यांनी पाडली. महाकंपन्यांच्या नियमनाच्या नव्या कायद्यात अशी खुर्ची नागरिकाला नाही. विदा संरक्षण मंडळ केंद्र सरकारने नेमायचे. कंपनीला झालेला दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हायचा, ज्याची विदा फुटली त्याला त्यातले काही मिळायचे नाही. उलट नागरिकाने आपली कर्तव्ये पाळली नाहीत तर त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वीज आणि विदा यांची गाठ आता अक्षरशः पडली आहे. ‘क्लाउड’ या शब्दाने काहीतरी हवेतले, बिनवजनाचे सुचवले जाते. प्रत्यक्षात तो ढग ऐरोली, रबाळे, महापे येथे जमिनीवर उभा आहे. खिडक्या नसलेल्या इमारती, आत यंत्रांच्या रांगा, त्या थंड ठेवण्यासाठी अहोरात्र वीज आणि बहुतेक ठिकाणी पाणी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या विदाकेंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या ती दीड टक्का होती, आणि २०३० पर्यंत ती दुपटीहून अधिक होईल असा संस्थेचा अंदाज आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमला पाच वर्षांत सुमारे पंधरा अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. कंपनीची भारतातली सर्वांत मोठी गुंतवणूक, असे तिचे वर्णन झाले. वाक्य आम्हाला ओळखीचे वाटले.

गुंतवणूक वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. गूगल म्हणजे एन्रॉन नव्हे, हेही आम्हाला समजते. आमचे म्हणणे एवढेच, की किती वीज, कोणत्या दराने, किती पाणी, कोणत्या सवलतीत, हे प्रश्न दौलतीचे आहेत. अमेरिकेत ऑरेगन राज्यात द डॅल्स नावाचे छोटे शहर आहे. गूगलची विदाकेंद्रे तेथे किती पाणी वापरतात, असे ‘द ऑरेगोनियन’ या वृत्तपत्राने विचारले. ते व्यापारी गुपित आहे, असे शहराने सांगितले. माहिती देण्याचा आदेश झाल्यावर शहराने, म्हणजे लोकांनी निवडलेल्या प्रशासनाने, वृत्तपत्रावरच खटला भरला. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन आकडे बाहेर आले. शहराच्या एकूण पाण्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक पाणी एकटी गूगल वापरत होती. नळाला येणारे पाणी व्यापारी गुपित कसे होते, हे द डॅल्सच्या रहिवाशांना तेरा महिन्यांच्या भांडणानंतर कळले. आपल्याकडे असा प्रश्न विचारला तर पाण्याच्या आकड्याला ‘घ’ लागेल, आणि सवलतीच्या टिपणावर कोणी सही केली असे विचारले तर ‘ञ’. पहिल्यात निदान जनहिताचा उल्लेख आहे.

अणुऊर्जेत तर तेवढाही आडोसा राहिलेला नाही. महाकंपन्यांना अखंड वीज हवी असल्यामुळे अणुऊर्जेचे दिवस पुन्हा आले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची बंद पडलेली एक अणुभट्टी पुन्हा सुरू करवून तिची वीज वीस वर्षे घेण्याचा करार केला. आपल्याकडे १५ डिसेंबर २०२५ रोजी ‘शांती’ या आद्याक्षरी नावाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि १८ डिसेंबरला ते राज्यसभेतही संमत झाले. समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मानली गेली नाही. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा, दोन्ही त्याने रद्द झाले. खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीची दारे उघडली. सदोष यंत्रसामग्रीबद्दल पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याचा जो हक्क भोपाळच्या अनुभवानंतर २०१० मध्ये कायद्यात घातला होता, तो गेला. आणि अणुऊर्जेविषयीची माहिती ‘प्रतिबंधित’ ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे आला. अशा माहितीपुढे माहितीचा अधिकार चालत नाही. जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा, ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प वर्षानुवर्षे प्रस्तावित आहे. जैतापूर राजापूर तालुक्यात, अंजनवेल गुहागर तालुक्यात. जिल्हा एकच, रत्नागिरी. नावांच्या आद्याक्षरांतून ‘शांती’ साधणाऱ्यांच्या भाषाकौशल्याला आम्ही दाद देतो. तेवढे श्रम भरपाईच्या कलमावर घेतले असते तर बरे झाले असते.

साहित्याच्या वाचकाला या कायद्यांशी काय कर्तव्य, असे अजूनही कोणाला वाटत असेल तर एक उदाहरण पाहावे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० चे. आत्मकथन हा प्रकारच असा आहे की लेखकाचे आयुष्य सांगायचे तर इतरांचे सांगावे लागते. आई, सावकार, मास्तर, गावचा पाटील, सारे त्यात येतात. आणि ज्यांनी अन्याय केला ते संमती देत नाहीत. युरोपच्या विदा संरक्षण नियमावलीतल्या पंच्याऐंशिसाव्या अनुच्छेदात पत्रकारिता आणि विद्याव्यासंग यांच्याबरोबर कला आणि साहित्य यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्यांच्या स्वातंत्र्याशी मेळ घालण्याची जबाबदारी सदस्य देशांवर टाकलेली आहे. आपल्या २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत निदान पत्रकारितेला सूट होती. २०२३ च्या कायद्यातून तीही वगळली गेली. संशोधन, अभिलेखागार आणि संख्याशास्त्र यांना अटींसह सूट आहे, साहित्याचे नाव नाही. कायदा डिजिटल विदेपुरता असल्यामुळे केवळ छापलेले पुस्तक त्याच्या बाहेर राहते. तेच पुस्तक ई-पुस्तक म्हणून निघाले, आणि त्यातल्या एखाद्या हयात पाटलाने माझी संमती कोठे आहे असे विचारले, तर प्रकाशकाने काय उत्तर द्यायचे? न्यायालय कदाचित समंजस अर्थ लावील. परंतु दंडाची कमाल मर्यादा कोटींत जाते असे कळल्यावर किती प्रकाशक त्या समंजसपणाची वाट पाहतील?

दुसरी बाजू आम्हाला दिसत नाही असे नाही. माहितीच्या अधिकाराचा उपयोग करून शेजाऱ्याचा, घटस्फोटित पत्नीचा, वैरातल्या सहकाऱ्याचा माग काढणारे अर्ज आम्ही पाहिले आहेत. आपली जात, आपला आजार, आपला पत्ता कोणाच्या हाती पडावा हे ठरवता न येणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्याला खासगीपणा ही चैन वाटत नाही. तळेगावच्या सतीश शेट्टींनी जमिनींचे व्यवहार उघडकीस आणले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव-पत्ता सुरक्षित राहणे हीच त्याच्यापुरती खरी खासगी होती. अशा माणसांच्या रक्षणासाठी कोणी ‘ञ’ला हात लावला असता तर आम्ही विरोध केला नसता. मूळच्या ‘ञ’मध्ये तेवढी जागा होती. न्यायालयेही ती वापरत होती, किंबहुना २०१२ च्या एका निकालाने तर सरकारी नोकरांच्या सेवाविषयक नोंदींना नको इतका आसरा दिला होता. तरी जनहिताची खिडकी त्या निकालातही उघडी होती.

आमच्या मागण्या फार नाहीत. ‘ञ’मधली गेलेली पोटवाक्ये परत आणावीत. विदा संरक्षण कायद्यात पत्रकारिता आणि साहित्य यांचा नावानिशी अपवाद असावा. विदाकेंद्रांना दिलेली वीज, पाणी आणि सवलती यांवर वीजदरांसारखी जाहीर सुनावणी व्हावी. आणि तोवर आमच्या व्यवसायबंधूंनी, भगिनींनी एक करावे. विद्यार्थ्यांसमोर ‘ञ’चा जुना आणि नवा पाठ शेजारी शेजारी ठेवावा, आणि काय गळले ते त्यांनाच शोधू द्यावे. पाठभेदाच्या तासाला यापेक्षा जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

त्या दीड ओळीच्या उत्तरावर आमच्या सहकाऱ्यांनी प्रथम अपील केले आहे. मसुदा करायला आम्ही चौघे बसलो होतो आणि कायदा पुन्हा पहिल्या पानापासून वाचत गेलो. चौथ्या कलमात, अधिकारी व कर्मचारी यांची निर्देशिका आणि त्यांना दरमहा मिळणारे वेतन प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावे, असे २००५ पासून लिहिलेले आहे. त्याला अद्याप कोणी हात लावलेला नाही. अपिलात आम्ही तेवढेच कलम उद्धृत केले, आणि खाली विचारले की जी यादी तुम्ही स्वतःहून लावायची होती ती मागितल्यावर वैयक्तिक कशी झाली. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.